निरोधाचा नियमित वापर आणि लोकमनाचा अभ्यास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान)



आपल्या संमेलनांतून शिक्षण, सहकार, विवाहातील अनिष्ट रूढी, विद्यार्थी-वसतिगृह अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे ऐकण्याची आपणांस सवय आहे. आजचा विषय त्या पंक्तीत बसणारा नाही असे कित्येकांस वाटेल. कार्यक्रमपत्रिकेवर तो छापावा की न छापावा याचा विचार चालकांना करावा लागला असेल, हे मी समजू शकतो. त्यांनी तो छापला, आणि आपण माता-भगिनींसह ऐकावयास बसला आहात, याबद्दल प्रारंभीच उभयतांचे आभार मानतो. विषयाची मर्यादा सांभाळून बोलेन. परंतु मर्यादेच्या नावाखाली सत्य झाकणार नाही, एवढे आश्वासन मी आपणांस देतो.

वस्तुतः महाराष्ट्रास हा विषय नवा म्हणता येत नाही. कै. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालविले. त्याबद्दल त्यांची मानहानी झाली. अश्लीलतेच्या आरोपाखाली खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तो खटला झाला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकात दिलेल्या उत्तरांवरून. त्या उत्तरांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला आज त्या प्रश्नांकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे. त्या काळातला एक शिकलेला, संसारी गृहस्थ घरात, मित्रांत वा वैद्याकडे जे विचारू शकत नव्हता, ते एका संपादकास पत्राने विचारीत होता. लोकांच्या मनात काय आहे हे त्यांच्याच शब्दांत कळावे, याचे ते एक साधन होते. आज ज्यास 'गुणात्मक संशोधन' म्हणतात त्याचा गाभा हाच आहे, आणि माझ्या व्याख्यानाचा विषयही तोच.

प्रथम वस्तूविषयी दोन शब्द. सरकारने १९६८ साली 'निरोध' या संस्कृत नावाने रबरी आवरणाची विक्री सुरू केली. तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांस मिळे, आणि चहा, साबण, विड्या-सिगारेटी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांमार्फत ते खेड्यापाड्यांतील दुकानांपर्यंत नेण्यात आले. ही कल्पना कलकत्त्याच्या व्यवस्थापन संस्थेतील अभ्यासकांनी १९६४ मध्ये मांडली होती. पुढे केरळातील तिरुवनंतपुरम येथे हिंदुस्थान लेटेक्स या सरकारी कारखान्यात उत्पादन होऊ लागले. वनस्पती तुपाला ज्याप्रमाणे सर्रास 'डालडा' म्हणत, त्याप्रमाणे कंडोमला 'निरोध' हेच सामान्यनाम पडले. मीही दोन्ही शब्द वापरणार आहे.

या वस्तूची उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी वेळ दवडण्याचे कारण नाही. ती प्रत्येक वेळी आणि योग्य रीतीने वापरणाऱ्या शंभर जोडप्यांत वर्षभरात सुमारे दोघांकडे गर्भधारणा होते. सर्वसाधारण व्यवहारात जशी वापरली जाते तशी वापरल्यास हाच आकडा तेरावर जातो. नियमित वापराने एचआयव्हीचा संसर्ग सुमारे ८० टक्क्यांनी कमी होतो, असे वैद्यकीय अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात आढळले आहे. आता दोन आणि तेरा यांमध्ये जे अंतर आहे, ते कशामुळे पडते? वस्तू तीच, कारखाना तोच. अंतर पडते ते वापरणाऱ्याच्या मनात, त्याच्या घरात आणि त्याच्या परिस्थितीत. कधी वापरला, कधी नाही. एकीकडे वापरला, दुसरीकडे नाही. सणावाराला, मद्याच्या धुंदीत, घाईत विसरला. म्हणून 'वापर' या शब्दापेक्षा 'सातत्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. चार वेळा छत्री नेऊन पाचव्या वेळी न नेणारा मनुष्य पाचव्या वेळी भिजतोच. छत्रीचे पाणी पुसता येते, येथे मात्र ते शक्य नसते.

मग हे सातत्य का राहत नाही, हे शोधावयाचे कसे? आपल्याकडे प्रचलित रीत म्हणजे छापील प्रश्नावली. 'कंडोमविषयी ठाऊक आहे काय? होय. मागील वेळी वापरला काय? होय.' असे हजारो लोकांचे होकार-नकार मोजून टक्केवारी काढता येते, आणि तिचे मोल मी मुळीच कमी लेखीत नाही. किती लोक वापरतात हे तिच्याशिवाय कळणार नाही. परंतु दोन गोष्टी तिच्या हाती लागत नाहीत. एक तर, असल्या नाजूक प्रश्नास मनुष्य जे उत्तर देतो ते पुष्कळदा विचारणाऱ्याचे तोंड पाहून दिलेले असते. सरकारी माणूस दारी आला, त्याला बरे वाटेल ते सांगून मोकळे व्हावे, ही आपली जुनी रीत आहे. दुसरे म्हणजे, 'का' या प्रश्नाला होय-नाहीत उत्तर मावत नाही.

येथे गुणात्मक पद्धतीचे काम सुरू होते. अभ्यासक थोड्याच लोकांशी, परंतु दीर्घ वेळ बोलतो. पुरुषांशी पुरुष आणि स्त्रियांशी स्त्री बोलते. नाव-गाव लिहून घेतले जात नाही. बोलणाऱ्याची संमती आधी घेतली जाते, आणि नको त्या क्षणी बोलणे थांबविण्याचा त्याचा अधिकार मान्य केला जातो. कधी सात-आठ समवयस्कांची गटचर्चा घेतात, कधी एकांतात मुलाखत. गटात मनुष्य समाजाचा नियम सांगतो, एकांतात स्वतःचा अपवाद सांगतो. म्हणून दोन्ही लागतात. लोक रोगाला कोणत्या नावाने ओळखतात, कोणत्या बाईला 'चांगली' म्हणतात, 'विश्वास' म्हणजे त्यांना काय अभिप्रेत असते, ते शब्द जसेच्या तसे टिपले जातात. मग त्या टिपणांतून वारंवार येणारे सूत्र शोधतात. नव्या मुलाखतीतून नवे काही निघेनासे झाले की थांबतात. त्यानंतर प्रचाराचे चित्र वा वाक्य तयार करून ते पुन्हा त्याच प्रकारच्या लोकांपुढे ठेवतात, आणि त्यांना त्यातून काय कळले हे विचारतात. अशा अभ्यासातून टक्केवारी निघत नाही, आणि कोणी काढू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. त्यातून कारण कळते. कारण कळल्यावर ते किती लोकांना लागू आहे, हे मोजण्याचे काम प्रश्नावलीचे.

या पद्धतीचे एक उदाहरण मुंबईतीलच आहे. २००२ च्या अखेरीस शहरातील फलकांवर, लोकल गाड्यांत आणि बसगाड्यांवर एक प्रश्न झळकू लागला : 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' हा बलबीर पाशा कोण, याची चर्चा नाक्यानाक्यावर सुरू झाली. हा मनुष्य काल्पनिक होता. पॉप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेने वेश्यावस्तीत जाणाऱ्या श्रमजीवी पुरुषांशी बोलून जे जाणून घेतले होते, त्यातून तो घडविलेला होता. त्या पुरुषांना एड्स हा रोग ठाऊक होता आणि कंडोमही ठाऊक होता. 'मला होणार नाही' अशी सोयीची समजूत मात्र प्रत्येकाने करून घेतली होती. एक म्हणे, मी एरवी वापरतो, पण दारू प्यायल्यावर राहून जाते. दुसरा म्हणे, मी दहा ठिकाणी जात नाही, एकीकडेच जातो. तिसरा म्हणे, जी दिसायला निरोगी आहे तिच्यापासून भय कसले? प्रचारमोहिमेने याच तीन समजुती एकामागून एक घेतल्या. माहितीचा उपदेश न करता लोकांच्या मनातील पळवाट त्यांच्यासमोर ठेवली, आणि तिच्या तोंडाशी प्रश्नचिन्ह उभे केले. संस्थेच्या 'साधन' या दूरध्वनी-सल्लाकेंद्राकडे येणारे दूरध्वनी त्या काळात पुष्कळ वाढले.

परंतु या मोहिमेवर आक्षेपही आले, आणि ते विचारार्ह होते. 'बलबीर पाशा फक्त मंजुळाकडेच जातो, पण मंजुळाकडे इतरही येतात', अशा आशयाच्या फलकांमुळे रोगाचे मूळ स्त्रीच आहे अशी समजूत दृढ होते, असे स्त्री-संघटनांनी म्हटले. पुरुषाची पळवाट शोधताना मंजुळेचे म्हणणे कोणी विचारले होते काय, हा त्यातला खरा प्रश्न. संशोधन ज्याच्या तोंडून ऐकतो त्याचीच बाजू प्रचारात येते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

मंजुळेच्या बाजूचे ऐकण्याचे काम कलकत्त्यास झाले होते. सोनागाची या वस्तीत १९९२ साली अखिल भारतीय स्वास्थ्यविज्ञान संस्थेच्या वतीने डॉ. स्मरजित जाना यांनी काम आरंभिले. बाहेरून पाहणाऱ्यास वाटे की त्या स्त्रियांना रोगाची माहिती द्यावी, म्हणजे झाले. त्यांच्याशी बोलल्यावर दिसले ते निराळे. माहिती मिळाली तरी 'नाही' म्हणण्याची शक्ती त्यांच्यापाशी नव्हती. एकीने कंडोमचा आग्रह धरला तर गिऱ्हाईक शेजारच्या दाराशी जाई. डोक्यावर सावकाराचे कर्ज, घरी पोरे, वर घरवालीचा तगादा आणि पोलिसांचे भय. म्हणजे प्रश्न ज्ञानाचा नसून पोटाचा आणि प्रतिष्ठेचा होता. म्हणून त्या स्त्रियांपैकीच काहींना प्रशिक्षण देऊन प्रचारक नेमले. सगळ्या दारांनी एकच नियम पाळावा यासाठी एकजूट केली. १९९५ मध्ये त्यांची स्वतःची दरबार महिला समन्वय समिती उभी राहिली, आणि त्याच सुमारास उषा नावाची सहकारी पतसंस्था निघाली. खात्यात चार पैसे असले म्हणजे एखाद्या गिऱ्हाइकास परत पाठविण्याचे बळ येते. सहकाराचे माहात्म्य आपल्या मंडळात वारंवार सांगितले जाते. त्याचा असाही उपयोग होतो हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या वस्त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांस एचआयव्हीची लागण झालेली असता सोनागाचीत ते प्रमाण सुमारे दहाव्या हिश्शाच्या आसपास राहिले. आपल्या सांगलीतही श्रीमती मीना सेषू यांच्या 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून याच वाटेने काम केले, आणि त्यातून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली.

बंधुभगिनींनो, आतापर्यंतचे ऐकून कोणी मनात म्हणेल, 'हे सर्व वेश्यावस्तीचे झाले. आपल्या ज्ञातीचा, आपल्या घरंदाज कुटुंबांचा याच्याशी काय संबंध?' याच प्रश्नापाशी मला आपणांस आणावयाचे होते.

पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात शहरातील गुप्तरोग-चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली, आणि १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वेश्याव्यवसायाशी संबंध नसलेल्या ज्या स्त्रिया तेथे आल्या होत्या, त्यांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या, आणि आपल्या पतीखेरीज अन्य पुरुषाशी त्यांचा कधीही संबंध आलेला नव्हता. हा आकडा चिकित्सालयात आलेल्या स्त्रियांचा आहे, सर्व समाजातील स्त्रियांचा नव्हे, हे मी स्पष्ट करू इच्छितो. परंतु त्यातून जो अर्थ निघतो तो टाळता येत नाही. त्या स्त्रियांनी कोणते व्रत मोडले होते? कोणता नियम ओलांडला होता? लग्न हेच त्यांच्या धोक्याचे कारण ठरले होते.

आता गुणात्मक संशोधनात देशोदेशी आढळणारे एक सूत्र येथे जोडून पाहा. मनुष्य कंडोम वापरतो तो परक्याशी, आणि सोडतो तो आपल्या माणसाशी. थायलंडमध्ये १९८९ मध्ये रात्चबुरी प्रांतातून सुरू झालेल्या आणि १९९१ पासून देशभर राबविलेल्या कार्यक्रमाने वेश्यागृहांतील वापर १४ टक्क्यांवरून १९९३ पर्यंत ९४ टक्क्यांवर नेला. तरी पत्नी आणि प्रेयसी यांच्याशी असलेल्या संबंधात तेवढे यश आले नाही. कारण तेथे कंडोम हा रोगनिवारणाचा उपाय न राहता अविश्वासाची खूण ठरतो. पतीने तो काढला तर पत्नी विचारते, 'बाहेर काही केलेत काय?' पत्नीने सुचविला तर पती विचारतो, 'माझ्यावर संशय घेतेस, की तुझेच काही आहे?' दोघेही गप्प राहतात, आणि त्या मौनाला आपण विश्वास असे नाव देतो.

याला आपला इतिहासही कारण आहे. १९६८ साली निरोध आला तो संसाराची वस्तू म्हणून. लाल त्रिकोण आणि लहान कुटुंबाचे चित्र यांच्या सोबतीने आला. पुढे १९८६ मध्ये मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन, ज्या मूळच्या गायतोंडे घराण्यातील, यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनीने देशातील पहिले एचआयव्हीबाधित रुग्ण उजेडात आणले. त्यानंतरच्या प्रचारात तीच वस्तू वेश्यावस्ती, मालमोटारींचे चालक आणि रोग यांच्याशी जोडली गेली. संसारातून ती जणू हद्दपार झाली. शिवाय आपल्याकडे कुटुंबनियोजनाचा भार स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर टाकलेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पुरुष नसबंदीचे प्रमाण केवळ ०.३ टक्का होते. कंडोम वापरणारी जोडपी ९.५ टक्के होती; २०१५-१६ च्या पाहणीत ती ५.६ टक्के होती, म्हणजे वाढ आहे, पण ती अल्प आहे. शस्त्रक्रिया झाली की घरात निरोध ठेवण्याचे सभ्य कारण संपते. मूल होणार नाही, मग हे कशाला? रोगाचे कारण तर तोंडातून काढावयाचे नाही.

यावरून प्रचाराची दिशा कशी ठरवावी, हे उघड होते. घरात कंडोम न्यावयाचा असेल, तर तो संशयाच्या भाषेत नेता येणार नाही. पाळणा लांबविण्याच्या, पत्नीच्या प्रकृतीची काळजी घेण्याच्या, तिच्यावरील शस्त्रक्रियेचा भार स्वतः उचलण्याच्या भाषेत तो नेता येईल. अर्थ बदलला तर वापर बदलण्याची आशा धरता येते.

काही अडथळे तर इतके साधे आहेत की कार्यालयात बसून योजना आखणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाहीत. एका खोलीत सासू-सासरे, दीर, मुले निजलेली; दिवा लावता येत नाही; पाकीट फाडल्याचा आवाज होतो; वापरलेली वस्तू टाकावयाची कोठे, संडास सार्वजनिक, कचऱ्याची बादली घरातील सर्वांची. गावात दुकानदार नात्याने काका लागतो. त्याच्याकडे मागावयाचे कसे? शहरात औषधाच्या दुकानात चार बायका उभ्या असल्या की तरुण डोकेदुखीची गोळी घेऊन परततो. आणि मिळालाच, तर औषधवाला तो कागदात गुंडाळून, चोरीचा माल द्यावा तसा हाती देतो. त्या गुंडाळण्यातच समाजाचा निकाल असतो. हे सर्व कळते ते लोकांच्या शेजारी बसून ऐकल्यानेच. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांशी वर्षानुवर्षे बोलून त्यांच्या शब्दांत त्यांचे आरोग्य समजून घेतले, आणि 'कानोसा' हे पुस्तक मराठीत लिहिले. नावच किती अर्थपूर्ण आहे! आपल्या वैद्यकाने हजार वेळा तपासले असेल, पण कानोसा क्वचितच घेतला.

उच्चाराचा संकोच हाही असाच अडथळा. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ट्रस्टच्या अभ्यासकांस असे दिसले की, जे पुरुष कंडोमविषयी मोकळेपणाने बोलू शकतात तेच तो वापरण्याचा संभव अधिक. म्हणून त्यांनी महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या राज्यांत जी मोहीम चालविली, तिचा रोख वापराच्या उपदेशावर नसून उच्चारावर होता. २००८ साली भ्रमणध्वनीची एक घंटा त्यांनी प्रसृत केली. तिच्यात वाद्य नव्हते, अनेक कंठ सुरात 'कंडोम, कंडोम' एवढेच म्हणत. ऐकणारे प्रथम दचकत, मग हसत. आणि जो शब्द ऐकून माणसे हसू शकतात तो शब्द मग दुकानातही मागता येतो.

येथे एका आक्षेपास उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. 'अशा प्रचाराने तरुणांत स्वैराचार वाढेल', असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांची चिंता प्रामाणिक आहे, आणि संयमाची शिकवण देण्याचा त्यांचा अधिकार मी मान्य करतो. परंतु लैंगिक शिक्षणामुळे मुलामुलींचे संबंध लवकर सुरू होतात, असे जगभरच्या अभ्यासांच्या आढाव्यांत आढळलेले नाही. संयम शिकवावा आणि संरक्षणही सांगावे. दोहोंत विरोध नाही. जो संयम पाळील त्याला दुसऱ्या ज्ञानाने काही बाध येत नाही, आणि ज्याचा तोल जाईल त्याच्या भावी पत्नीस त्या ज्ञानाने वाचविता येते.

आता ज्ञातीविषयी थोडे स्पष्ट बोलतो. राग मानू नये. बलबीर पाशाच्या कथेत 'दिसायला निरोगी', 'ओळखीची', 'एकच' ही जी खोटी कवचे आढळली, त्यांच्याच जातीचे एक कवच आपण वापरतो : 'आपल्या ज्ञातीत असे काही नसते.' वर पाहताना आपण कुळ पाहतो, गोत्र पाहतो, पत्रिका जुळवितो, पगार आणि सदनिका पाहतो. ज्ञातीचा मुलगा, म्हणजे सुरक्षित, असा आपला हिशेब असतो. विषाणूस गोत्र नाही. आपली मुले नोकरीसाठी परगावी, परप्रांती, परदेशी जातात; एकेकटी राहतात; त्यांच्याशी आपण पैशाअडक्याचे बोलतो, प्रकृतीचे बोलतो, याविषयी मात्र एक अक्षर बोलत नाही. मग ती जेथे बोलता येते तेथे जातात, आणि तेथे त्यांना काय सांगितले जाते हे आपणांस कळत नाही. ज्ञातिसंस्था ही विश्वासाची संस्था आहे. तिने या विश्वासाचा उपयोग मौन राखण्यासाठी केला, तर त्याचे मोल आपल्या लेकी-सुना देतील.

तेव्हा मंडळाने काय करावे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन-चार गोष्टी सुचवितो. वधूवर मेळाव्याच्या दिवशी एक तास एखाद्या स्त्री-डॉक्टरचे आणि एखाद्या पुरुष-डॉक्टरचे व्याख्यान ठेवावे. मुलींसाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे, आणि शेवटी दोघांसाठी एकत्र. रक्ततपासणीची माहिती द्यावी. परंतु तपासणी ही ज्याची त्याच्या संमतीने आणि गुप्ततेनेच व्हावी. २०१७ चा एचआयव्ही-एड्सविषयक कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, तोही हेच सांगतो. तपासणीचा दाखला पत्रिकेसारखा हाती फिरविण्याची नवी रूढी कृपया पाडू नये. शिवाय आजचा निर्दोष दाखला उद्याची हमी देत नाही. हमी असलीच तर ती दोघांना एकमेकांशी बोलता येण्यात आहे.

वसतिगृहात एक कुलूपबंद पेटी ठेवावी. विद्यार्थ्यांनी नाव न लिहिता आपली शंका त्यात टाकावी, आणि महिन्यातून एकदा डॉक्टरांनी येऊन सर्वांसमोर उत्तरे द्यावीत. कर्व्यांच्या मासिकाची ही लहानशी आवृत्ती होय. वर्षअखेर त्या चिठ्ठ्या एकत्र वाचल्या, तर आपल्या मुलांच्या मनात काय चालले आहे याचे जे ज्ञान मंडळास होईल, ते कोणत्याही प्रश्नावलीतून होणार नाही. भगिनीमंडळाने हळदीकुंकवाच्या निमित्ताने जमलेल्या स्त्रियांत असेच ऐकण्याचे काम करावे. उपदेश नको, आधी ऐकणे. पहिल्या वेळी कोणी बोलणार नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी एक बोलेल, आणि मग दुसरीला धीर येईल.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. आपल्यात एखादे कुटुंब या आजाराने गाठलेले असेल, तर त्याच्याशी संबंध तोडू नयेत. २००४ सालापासून सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य औषधे मिळू लागली. औषध नियमित घेऊन रक्तातील विषाणू सापडणार नाही इतका कमी झालेला मनुष्य लैंगिक संबंधातून दुसऱ्यास लागण करीत नाही, हे आता निश्चितपणे सिद्ध झाले आहे. म्हणजे औषधालाही नियम तोच लागू पडतो : सातत्य. आणि जो समाज तोंड फिरवितो त्या समाजात मनुष्य औषधाची बाटलीही लपवितो, डोस चुकवितो. पुढाऱ्यांनी प्रथम अशा घरी चहा घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.

आपल्या पूर्वजांनी ज्ञातिसंस्था काढल्या, त्या मुले शिकावीत, विधवांना आधार मिळावा, लग्ने कमी खर्चात व्हावीत म्हणून. त्या काळी या गोष्टीही सभेत बोलण्यास संकोच वाटेच. विधवेच्या दुःखाविषयी भर सभेत बोलणे हे एके काळी असभ्य मानले गेले होते. तो संकोच त्यांनी ओलांडला, म्हणून आज आपण येथे एकत्र बसलो आहोत. आपल्या वाट्याला आलेला संकोच निराळा आहे. तो ओलांडण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही; एक पेटी, एक डॉक्टर, ऐकून घेणारी चार माणसे आणि थोडा धीर पुरेसा आहे.